मोतीबिंदू थांबेल, पडदा थांबणार नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंचं वय ६१, डायबेटिस बारा वर्षांपासून, गोळ्या चालू आहेत, गेल्या महिन्याचं एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.६. गावातल्या शिबिरात टॉर्चने बघून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, उजव्यात जास्त. ‘अजून कच्चा आहे, पिकला की या’ असं म्हणाले. आता थांबायचं की लगेच ऑपरेशन करून घ्यायचं, आणि एवढ्या साखरेत ऑपरेशन होतं का, हे तुम्हाला हवंय. शेवटी तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेला आहात: ‘तशी डोळ्यांची तपासणी होत असते, दर दोन वर्षांनी चष्म्याचा नंबर काढतो.’

मी तालुक्याच्या गावी बावीस वर्षं डोळ्यांचे पेशंट बघतोय, आणि मी थबकलो ते या शेवटच्या वाक्यापाशी. बारा वर्षांच्या डायबेटिसमध्ये आईंच्या डोळ्याचा मागचा पडदा अजून कुणीच पाहिलेला नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो. मोतीबिंदू कधी काढायचा हे आपण ठरवूच, पण त्याच्या मागे काय आहे ते आधी कळायला हवं. तुम्ही विचारलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्यावर अवलंबून आहे.

मोतीबिंदू म्हणजे बाहुलीच्या मागचं भिंग गढूळ होणं. ते काढून दुसरं बसवता येतं. या महिन्यात काढलं किंवा सहा महिन्यांनी काढलं तरी बहुतेकांना नजर तेवढीच परत मिळते. पडद्याचं तसं नाही, तो बदलता येत नाही. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात. त्यांना फुगे येतात, त्या झिरपायला लागतात. जिथून आपण अक्षर वाचतो, चेहरा ओळखतो, त्या मधल्या ठिपक्याएवढ्या जागेवर सूज येते. काहींमध्ये पुढे पडद्याला रक्तच पुरत नाही, मग त्यावर नव्या पण अतिशय नाजूक रक्तवाहिन्या उगवतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं, आणि त्यांच्याबरोबर वाढणाऱ्या जाळ्याने पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. सूज मधोमध आली नसेल आणि रक्त उतरलं नसेल, तर हे सगळं चालू असताना माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो. दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. म्हणूनच ‘मला नीट दिसतंय’ याला डायबेटिसमध्ये मी तपासणी मानत नाही.

हे किती जणांना होतं? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या स्मार्ट इंडिया पाहणीत चाळिशीच्या पुढच्या मधुमेहींपैकी १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर बदल सापडले, आणि ४ टक्के लोकांचे बदल नजर जाण्याच्या पायरीवर होते. शंभरात चार हा आकडा लहान वाटतो, पण आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने देशातल्या मधुमेहींची संख्या १०.१ कोटी काढली आहे. आजार जितका जुना, तितका हा धोका वाढतो, आणि आईंची बारा वर्षं झाली आहेत.

यावर माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. प्रॅक्टिस सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. पन्नाशीच्या पुढच्या एक बाई आल्या, डायबेटिस जुना. डाव्या डोळ्याने तक्त्यावरच्या वरच्या दोनच ओळी वाचत होत्या. मोतीबिंदू होता, मध्यम. मी तो पाहिला, कारण सापडलं असं मानलं आणि ऑपरेशन ठरवलं. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा नीट बघायला हवा होता. त्या दिवशी ओपीडीत गर्दी होती, मी ते राहू दिलं. ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा त्या म्हणाल्या, “डॉक्टर, उजेड लई वाढलाय, पण सुनेचं तोंड दिसंना.” नव्या भिंगातून आत पाहिलं, तर पडद्याच्या मधोमध सूज होती आणि भोवती पिवळ्या कणांची रांगोळी. ती ऑपरेशनच्या आधीपासूनच होती. आमच्याकडे तेव्हा ओसीटीचं, म्हणजे पडद्याचे थर आणि त्यातली सूज दाखवणारं मशीन नव्हतं, पुण्याला पाठवावं लागलं. उपचार झाले, थोडा फरक पडला, पण वाचण्याइतकी नजर आली नाही. आधी पाहिलं असतं तर आधी सुजेवर उपचार झाले असते, आणि निदान त्यांना खरं काय ते आधी सांगता आलं असतं. त्यानंतर माझ्याकडे थेंब घातल्याशिवाय एकाही मधुमेही पेशंटच्या ऑपरेशनची तारीख लिहिली जात नाही.

त्या बाईंकडून मी जे शिकलो ते आईंनाही लागू आहे. मोतीबिंदू किती आहे आणि नजर किती कमी आहे, याचा मेळ बसला पाहिजे. मोतीबिंदू थोडा आणि नजर बरीच कमी असेल, तर दोष मागे शोधायचा. याची एक अगदी साधी तपासणी आहे. काळ्या चकतीला टाचणीएवढं छिद्र असतं, त्यातून तक्ता वाचायला लावतात. छिद्रातून दोन-तीन ओळी जास्त वाचता आल्या तर बराचसा दोष चष्म्याचा, काही वेळा मोतीबिंदूचा. काहीच फरक पडला नाही किंवा उलट कमीच दिसलं, तर मला मधल्या सुजेची शंका येते. दाराची चौकट, फरशीच्या रेघा वाकड्या दिसणं हेही पडद्याकडे बोट दाखवतं, मोतीबिंदूने रेघ वाकडी होत नाही. मोतीबिंदूची तक्रार वेगळी असते: उन्हात गेलं की जास्त धूसर, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फाकतो, पांढऱ्या कागदावर झळक येते. डायबेटिसमध्ये भिंगाच्या मागच्या सालीवर जो मोतीबिंदू होतो, त्यात हे फार होतं, आणि तो कमी वयातही येतो. पासष्टीच्या आतल्या मधुमेहींमध्ये मोतीबिंदूचं प्रमाण इतरांच्या तीन-चार पट असल्याचं जुन्या मोठ्या अभ्यासांत दिसलेलं आहे. त्यामुळे आईंना ६१ व्या वर्षी मोतीबिंदू असणं यात नवल काही नाही. माझा आक्षेप एवढाच की मोतीबिंदू सापडला म्हणून शोध तिथेच थांबायला नको.

आता चष्म्याच्या नंबरबद्दल. चष्म्याच्या दुकानात किंवा शिबिरात मशीनवर नंबर काढतात, तेव्हा पडदा दिसत नाही. टॉर्चने मोतीबिंदू दिसतो, पडदा दिसत नाही. डायबेटिसवाल्यांची म्हणून जी तपासणी असते, तिच्यात थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि त्या मोठ्या खिडकीतून भिंगाने सगळा पडदा कडेपर्यंत बघतात. टाइप २ डायबेटिसमध्ये ती निदान झालं त्याच वर्षी पहिल्यांदा करायची, कारण आजार कळायच्या आधी काही वर्षं आत चालूच असतो. मग दरवर्षी. टाइप १ मध्ये निदानापासून पाच वर्षांच्या आत सुरुवात. डायबेटिस असलेल्या बाईला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच, आणि पुढेही डॉक्टर सांगतील तसं. घरात कुणी असेल तर हे लक्षात ठेवा. पडद्यावर बदल सापडले की ‘दरवर्षी’ संपतं: मध्यम असतील तर सहा महिन्यांनी, तीव्र असतील तर तीन महिन्यांच्या आत, नव्या रक्तवाहिन्या दिसल्या तर लगेच.

या तपासणीला लोक दोन कारणांनी कंटाळतात, वेळ आणि थेंब. वेळ खरोखर लागतो. जुन्या डायबेटिसमध्ये बाहुली हट्टी होते, आमच्या सिस्टर तीन-तीनदा थेंब घालतात तरी पाऊण तास जातो. नंतर चार-सहा तास जवळचं अंधूक दिसतं आणि ऊन डोळ्यांत घुसतं. म्हणून आईंबरोबर कुणीतरी जा, टू-व्हीलरवर त्यांना एकटं पाठवू नका, टोपी किंवा गॉगल न्या. उपाशी जायची गरज नाही. नेहमीचं जेवण आणि गोळ्या वेळेवर होऊ द्या, नाहीतर बाकावर बसल्या बसल्या साखर उतरून घाम सुटेल. थेंब घालण्याआधी ब्लडप्रेशर, हृदयाचा त्रास, काचबिंदू यांपैकी काही असेल तर सांगा, त्यावरून कुठला थेंब घालायचा ते ठरतं. सोबत एचबीएवनसी, ब्लडप्रेशरचे आकडे, क्रिएटिनिन आणि चालू गोळ्यांची पानं न्या. डोळ्याच्या डॉक्टरला क्रिएटिनिन कशाला, असं बरेच जण विचारतात. किडनीच्या आणि पडद्याच्या रक्तवाहिन्या बहुधा बरोबरीनेच बिघडतात. एकीकडे बिघाड सापडला की मी दुसरीकडे जास्त कसून बघतो.

काही ठिकाणी आता थेंब न घालता कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढतात आणि कॉम्प्युटरच तो वाचतो. मी याच्या बाजूचा आहे. जिथे डोळ्यांचा डॉक्टर रोज पोचत नाही, तिथे यातून कितीतरी लोक वेळेत सापडतात. पण तुमच्या आईंच्या बाबतीत एक अडचण आहे. मोतीबिंदू असला की फोटो धुक्यातून काढल्यासारखा येतो आणि रिपोर्टवर ‘फोटो वाचण्याजोगा नाही’ असा शेरा पडतो. तो कागद घरी नेऊन लोक ‘काही निघालं नाही’ असं समजतात. असा शेरा आला तर त्याचा अर्थ तपासणी अजून व्हायचीच आहे. त्याच आठवड्यात थेंब घालून डॉक्टरकडून बघून घ्या.

मोतीबिंदू इतका दाट असेल की थेंब घालूनही पडदा दिसेना, तर सोनोग्राफी करता येते, डोळ्याचीही असते. त्यात पडदा सुटलाय का, आत रक्त साचलंय का एवढं कळतं. सूज, बारीक फुगे कळत नाहीत. त्याबरोबर बाहुली उजेडाला नीट आकसते का आणि चारी बाजूंचा उजेड कळतो का हे बघतात. यावरून अंदाज बांधता येतो. खात्री मात्र ऑपरेशननंतर पडदा प्रत्यक्ष दिसल्यावरच.

‘पिकू द्या’ या सल्ल्याबद्दल दोन शब्द. तो आला जुन्या काळातून. तेव्हा अख्खं भिंग काढून टाकत, आत दुसरं बसवत नसत, आणि पेशंटला आयुष्यभर जाड काचांचा चष्मा लागायचा. त्या वेळी जे थोडंफार दिसतंय ते घालवून तसला चष्मा कशाला, हा हिशोब बरोबर होता. आज आत भिंग बसवतात, फेकोने, म्हणजे भिंग आतच फोडून शोषून घेण्याच्या पद्धतीने, बारीक छेदातून काम होतं, आणि पिकून कडक झालेला मोतीबिंदू उलट जास्त त्रास देतो. डायबेटिसमध्ये तर पिकण्याची वाट बघणं म्हणजे पडद्यावरची खिडकी हळूहळू बंद होऊ देणं. म्हणून ऑपरेशन कधी, याला माझं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं: रोजची कामं अडायला लागली आहेत का, आणि मोतीबिंदूमुळे मला पडदा बघणं किंवा त्यावर उपचार करणं अवघड होतंय का. दुसरी गोष्ट असेल तर पेशंटची तक्रार नसतानाही मी ऑपरेशन सुचवतो.

पडद्यात काय सापडतं त्यावर क्रम बदलतो. पडदा स्वच्छ असेल, तर आईंच्या सोयीने ऑपरेशन करा, घाई नाही. मधोमध सूज असेल, तर बहुधा आधी डोळ्यात इंजेक्शन देऊन ती उतरवतात, किंवा ऑपरेशनच्या वेळीच देतात. ऑपरेशनने सूज वाढू शकते, म्हणून ती तशीच ठेवून पुढे जायचं नसतं. नव्या रक्तवाहिन्या असतील, तर दिसतंय तेवढ्यात आधी लेझर. दिसतच नसेल तर आधी मोतीबिंदू आणि मग थोड्याच दिवसांत लेझर. हे तुमच्या डॉक्टरांनी डोळा बघून ठरवायचं आहे, मी इथे बसून सांगू शकत नाही. फक्त लेझरबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण त्यावरून घराघरांत राग असतो: ‘लेझर केलं तरी दिसेना.’ लेझर गेलेली नजर आणत नाही, उरलेली टिकवतं. १९७६ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की अशा डोळ्यांत लेझरमुळे नजर पार जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. ते काम ते चोख करतं, अपेक्षा मात्र तेवढीच ठेवा.

आत कुठलं भिंग बसवायचं हेही याच तपासणीवर अवलंबून आहे. पॅकेजच्या यादीत जवळचं-लांबचं दोन्ही दिसणारं महागडं भिंग असतं, आणि मुलं हौसेने आईसाठी तेच मागतात. पडद्यावर डायबेटिसचे बदल असतील तर मी ते टाळायला सांगतो. त्या भिंगात उजेड वाटला जातो, आणि दुखावलेल्या पडद्याला आहे तो सगळा उजेड लागतो. साधं, चांगल्या प्रतीचं एकाच अंतराचं भिंग आणि वाचायला चष्मा, हे अशा डोळ्याला जास्त मानवतं.

आता साखर. ८.६ ला ऑपरेशन होत नाही असा काही सरसकट नियम नाही. प्रत्येक सर्जनचा आणि भूलतज्ज्ञाचा आपला आकडा असतो. माझ्याकडे ऑपरेशनच्या दिवशीची साखर साधारण २०० च्या आत असावी असा मी आग्रह धरतो, आणि पायाला जखम, लघवीचा जंतुसंसर्ग, दाताचा पू, पापण्यांना सूज यांपैकी काही नाही ना ते बघतो. एचबीएवनसी ८.६ वरून खाली यायला हवं, पण ते तुमच्या फिजिशियनच्या हातून आणि दमाने. ऑपरेशनची तारीख मिळावी म्हणून पंधरा दिवस जेवण तोडून, मनाने गोळ्या वाढवून साखर आपटू नका. बराच काळ वाढलेली साखर झपाट्याने खाली आणली, तर पडद्यावरचे बदल सुरुवातीला बिघडू शकतात. लांबच्या पल्ल्यात साखर आटोक्यात असण्याचा फायदा नक्की आहे. १९९३ चा डीसीसीटी आणि १९९८ चा यूकेपीडीएस या दोन्ही अभ्यासांनी तो सिद्ध केलाय. यूकेपीडीएसमध्ये ब्लडप्रेशर काबूत ठेवल्यानेही पडदा वाचतो असं दिसलं. साखरेच्या मागे लागून घरोघरी बीपीची गोळी विसरली जाते, ती विसरू देऊ नका. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर डोळ्यात रक्त उतरेल या भीतीने स्वतःहून बंद करू नका.

आणि साखर वर-खाली होत असताना नवा चष्मा करू नका. साखरेबरोबर भिंगात पाणी शिरतं-निघतं, नंबर हलतो. वर्षात तीन चष्मे झाले आणि तिन्ही लागत नाहीत, असे पेशंट माझ्याकडे दर आठवड्याला येतात. साखर चार-सहा आठवडे एका पातळीवर राहिली की मग नंबर काढा. आईंना एक दिवस अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता यायला लागला, तर त्यावरही खूश होऊन थांबू नका. भिंग कडक होताना नंबर सरकतो, म्हणून तसं होतं.

तुमच्यासाठी थोडक्यात क्रम असा: येत्या पंधरा दिवसांत थेंब घालून पडद्याची तपासणी, गरज वाटली तर ओसीटी, तोवर फिजिशियनकडे साखर-बीपी, आणि त्यानंतर ऑपरेशनची चर्चा. जिल्हा रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजमध्ये नेत्र विभाग असतो. लेझर आणि इंजेक्शनची सोय सगळीकडे नसते, तेवढं आधी फोन करून विचारा. तपासून झाल्यावर डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा आणि कागदावर लिहून घ्या: पडदा कडेपर्यंत दिसला का, काय दिसलं, पुन्हा कधी यायचं.

तोवर घरी एक करा. भिंतीवरचं कॅलेंडर आहे तिथेच ठेवा, दर एक तारखेला आईंना त्याच फरशीवर उभं करून एकेक डोळा हाताने झाकून तारखा वाचायला सांगा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाला झाकून घेतो, आणि एक डोळा गेल्याचं महिनोन्‌महिने कळत नाही. हे पडद्याच्या तपासणीऐवजी नाही, त्याच्या जोडीला आहे. मधल्या काळात डोळ्यापुढे एकदम काळे ठिपके किंवा जळमटं तरंगायला लागली, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, किंवा डोळा लाल होऊन ठणकायला लागला, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी घेऊन जा.

ऑपरेशन झालं की महिन्या-दीड महिन्याने थेंब बंद होतात, नवा नंबर मिळतो आणि घरचे म्हणतात, डोळ्याचं काम झालं. त्या भेटीत पुन्हा एकदा बाहुली मोठी करून पडदा बघून घ्या. मोतीबिंदू निघाल्यामुळे तो तेव्हा पहिल्यांदा स्वच्छ दिसतो, आणि ऑपरेशननंतर सूज आली असेल तर बहुधा याच सुमाराला सापडते. मग डाव्या डोळ्याचं ठरवा.